गोकुळधामचं सभासद रजिस्टर

आमच्या सोसायटीत सोळा फ्लॅट. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा मिनिटं. बाबा पंधरा वर्षं तिथले सेक्रेटरी होते. कागदावर 'सचिव' असा शब्द असतो, पण आमच्या जिन्यात तो कुणाच्या तोंडून मी ऐकला नाही. "अहो सेक्रेटरी, टाकी भरून वाहतेय." "सेक्रेटरी, माझ्या जागेत परत कुणीतरी गाडी लावलीय." बाबा बँकेतून साडेसातला यायचे, दोघातिघांची गाऱ्हाणी दारातच ऐकून घ्यायचे, हातपाय धुवायचे, आणि साडेआठला आई पानं घ्यायची तेव्हा टीव्हीवर दुसरे एक सेक्रेटरी हजर व्हायचे. आत्माराम तुकाराम भिडे, गोकुळधाम सोसायटीचे 'एकमेव सेक्रेटरी'.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' २८ जुलै २००८ रोजी सब टीव्हीवर सुरू झाली. मी तेव्हा बारावीत होते. दोन वर्षांनी बाबा सेक्रेटरी झाले. मी पुढे शिकायला पुण्याला गेले, तिथेच राहिले, पण डोंबिवलीच्या घरातलं रात्रीचं जेवण या मालिकेच्या आवाजातच होत राहिलं. तिचे आता ४००० च्या वर भाग झाले आहेत. तिच्यावर माझा जीव आहे, आणि गेली काही वर्षं तिचा मला रागही येतो. परवा बाबांनी सोसायटीची दप्तरं नव्या सेक्रेटरीच्या हवाली केली, तेव्हापासून हे दोन्ही एकदा नीट लिहून काढावं असं मनात होतं.

बाबांची ही मालिका बघण्याची एक पद्धत होती. ते तिचं ऑडिट करायचे. पहिली नोंद असायची कोरमची. आमच्या सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद लागतात, म्हणजे सोळातले अकरा. सप्टेंबरच्या एखाद्या रविवारी सकाळी दहाला बाबा खाली सतरंजी घालायचे, हजेरीचं रजिस्टर आणि बॉलपेन ठेवायचे आणि वाट बघायचे. पाच जण यायचे. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, मग आहेत तेवढ्यांत कामकाज सुरू. पंधरा वर्षांत पहिल्या झटक्यात कोरम झाला तो एकदाच, टेरेसवर मोबाइलचा टॉवर बसवायचा का, हे ठरवायचं होतं तेव्हा. आणि इकडे गोकुळधाममध्ये भिडेंनी कंपाउंडमध्ये उभं राहून एक हाक मारली की जेठालालपासून पोपटलालपर्यंत सगळे खाली. बायका, मुलं, जेठालालचे वडील चंपकलाल, म्हणजे बापूजीसुद्धा. बाबा घास हातात धरून म्हणायचे, "बघ, बघ. फुल कोरम."

माझ्या मते त्या मालिकेचं सगळं बळ बाबांच्या या एका वाक्यात आलं होतं. एकट्या नायकाच्या मालिकेत बाकीचे लोक नायकाला काही सांगायला येतात आणि निघून जातात. इथे लोक येतात, कारण त्यांना एकमेकांवाचून चालत नाही. चांगल्या दिवसांतली त्याची बांधणी बारकाईने पाहिली तर ती फार हुशारीने केलेली होती. प्रत्येकाकडे एक गोष्ट भरपूर आणि एक गोष्ट अजिबात नाही. जेठालालकडे गडा इलेक्ट्रॉनिक्स हे दुकान आहे, पैसा आहे, बायकोच्या, दयाच्या हातचं खाणं आहे, पण अडचणीत सापडला की डोकं चालत नाही. तारक मेहतांकडे डोकं आहे, शब्द आहेत, आणि घरात बायकोने करून ठेवलेलं पथ्याचं जेवण आहे. म्हणून जेठालाल सल्ल्यासाठी मेहतांच्या दारात आणि मेहता फाफड्यासाठी जेठालालच्या दारात. जेठालाल त्यांना आपली 'फायर ब्रिगेड' म्हणतो, पण भूक लागली की आग मेहतांच्या पोटात असते. पोपटलालकडे नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, उन्हापावसात छत्री आहे, बायको नाही. भिडेंकडे नियम आहेत, आणि ते पाळणारं कुणी नाही.

या देवघेवीवर गोष्ट आपोआप चालते. जेठालालच्या मुलाचा, टप्पूचा चेंडू भिडेंच्या खिडकीची काच फोडतो. भिडे जेठालालच्या दारात. बापूजी आतून विचारतात कोण आलंय. जेठालालला बापूजींची भीती, त्यामुळे तो भिडेंना मधाळ बोलून बाहेरच्या बाहेर काढायला बघतो. तेवढ्यात त्याला आवडणारी शेजारीण बबिता समोरून जाते आणि त्याच्या तोंडचं वाक्य अर्धंच राहतं. मागून येणारा तिचा नवरा अय्यर ते बघतो. काच बाजूलाच राहते आणि पाच माणसांची पाच दुखणी कंपाउंडमध्ये येऊन उभी राहतात. लेखकाला कुठून काही ओढून आणावं लागत नाही. एकाला धक्का दिला की पाच जण हलतात.

याचं मूळ छापील आहे. तारक मेहता याच नावाच्या लेखकाने १९७१ पासून 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात हे सदर लिहिलं. साप्ताहिक सदराला माणसं पुरवून वापरावी लागतात, कारण पुढच्या आठवड्यात ती परत लागणार असतात. असितकुमार मोदींनी त्यावर मालिका केली तेव्हा ही शिस्त सोबत आली असणार. आणि आली ती रंगभूमीवरची माणसं. दिलीप जोशी गुजराती नाटकातले. घनश्याम नायक, म्हणजे नट्टूकाका, भवई हे गुजराती लोकनाट्य करणाऱ्या घराण्यातले. दयाबेन झालेल्या दिशा वकानी आणि तिचा भाऊ सुंदर झालेले मयूर वकानी खरोखरचे बहीणभाऊ, तेही नाटकातलेच. भिडे झालेले मंदार चांदवडकर मेकॅनिकल इंजिनिअर, दुबईतली नोकरी सोडून अभिनयासाठी परत आलेले. तमिळ शास्त्रज्ञ अय्यर झालेले तनुज महाशब्दे तर देवासकडचे मराठी. आईला हे कळलं तेव्हा तिने त्यांना पडद्यावर पुन्हा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नाकावरून कळायला हवं होतं."

रंगभूमीच्या नटाला दुसऱ्याच्या वाक्याच्या वेळी काय करायचं ते ठाऊक असतं. दिलीप जोशींना बघावं ते समोरचा बोलत असताना. वाईट बातमी ऐकली की ते लगेच काही करत नाहीत. आधी ती ऐकूच आली नाही असा चेहरा, मग तोंडात घोळवल्यासारखं काहीतरी, मग डोळे हळूहळू मोठे. या तीन पायऱ्यांत समोरच्याचं वाक्य दुप्पट मोठं होतं. हे त्यांचं समोरच्या नटाला दिलेलं दान असतं, आणि अशी दानत पाच-सात नटांत एकाच वेळी असली की त्या कंपाउंडमध्ये नुसते उभे असलेले लोकही बघावेसे वाटतात.

भिडेंबद्दल मात्र आमच्या घरात तट होते. आईला ते आवडत नसत. तिचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या मुंबईत मराठी माणूस दाखवायचा तर तो शिकवण्या घेणारा, स्कूटरवरून फिरणारा, काटकसरी, आणि बायको लोणची-पापड करणारी. गुजराती माणसाचं दुकान, मराठी माणसाच्या शिकवण्या. "आपण म्हणजे एवढंच का?" हा तिचा प्रश्न मला तेव्हा उगीच ताणलेला वाटायचा. आज वाटत नाही. गोकुळधाममध्ये प्रत्येक प्रांताचा एकेक नग आहे आणि प्रत्येक नगावर एकेक चिठ्ठी लावलेली आहे. शीख म्हणून सोढी दांडगा, भांगडा करणारा. तमिळ म्हणून अय्यर शास्त्रज्ञ आणि चिडका. असं मांडलं की बघणाऱ्याला ओळख पटायला क्षणही लागत नाही, लेखकाचे कष्ट वाचतात, आणि माणूस मात्र त्या चिठ्ठीएवढाच राहतो. प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथांवर राज्यं अशीच दिसतात.

आणि तरी मी भिडेंच्या बाजूची होते. कारण मी घरात खरा सेक्रेटरी बघत होते. नोटीस बोर्डवर सुविचार लिहिणारा, मेन्टेनन्स थकवणाऱ्याच्या दाराशी चौथ्यांदा जाणारा आणि तरी आवाज न चढवता "तुमच्या सवडीने द्या" म्हणणारा, गणपतीच्या वर्गणीत पन्नास रुपये कमी पडले तर ते स्वतःचे घालून कुणाला न सांगणारा. मंदार चांदवडकरांनी भिडेंना एक गोष्ट दिली जी कागदावर असेल असं मला वाटत नाही. भिडे दुखावले जातात. 'हमारे जमाने में' म्हणून ते मुलांना काही सांगायला जातात, मुलं हसत पळून जातात, आणि क्षणभर त्यांचा चेहरा रिकामा होतो. 'सखाराम' या आपल्या स्कूटरला किक मारून ते निघून जातात. त्या क्षणी लावलेली चिठ्ठी गळून पडते. बाबा त्या वेळी हसायचे नाहीत. मी त्यांच्याकडे बघायचे.

चिठ्ठ्यांबद्दल तक्रार करायची तर अब्दुलबद्दलही बोललं पाहिजे. तो सगळ्यांचा लाडका, सगळ्यांच्या मदतीला धावणारा, रात्री पुरुषमंडळ त्याच्याच दुकानापुढे सोडा प्यायला जमतं. पण अब्दुल दुकानदार आहे, बाकीचे फ्लॅटधारक. ज्या मालिकेला लोक 'मिनी इंडिया' म्हणून डोक्यावर घेतात तिथे मुसलमान माणसाला जागा मिळाली ती दुकानात. कुणी वाईट हेतूने हे केलं असेल असं मी म्हणत नाही. बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसेल, आणि मला तेच जास्त खटकतं, कारण खऱ्या मुंबईत घर शोधणाऱ्या अब्दुलला हीच गोष्ट रोज ऐकावी लागते. आमच्या सोसायटीतही एकदा असा प्रश्न आला होता. बाबांनी उपविधींचं पुस्तक उघडून ठेवलं आणि "यात कुठे लिहिलंय ते मला दाखवा" एवढंच म्हणाले. तो फ्लॅट विकला गेला आणि ती माणसं आजही दुसऱ्या मजल्यावर राहतात.

श्रेय द्यायचं ते देते. याच सोसायटीत शीख नवरा आणि पारशी बायको, तमिळ नवरा आणि बंगाली बायको सुखाने नांदतात, आणि त्यावर कुणी भाषण देत नाही. २००८ मध्ये घराघरांत साडेआठला हे दिसणं, तेही 'प्रश्न' म्हणून नव्हे, ही मोठी गोष्ट होती. माझ्या एका मैत्रिणीने घरी पंजाबी मुलाबद्दल सांगितलं तेव्हा तिची आजी म्हणाली होती, "सोढीसारखा आहे का?" तिथून पुढचं बोलणं सोपं गेलं.

बायकांच्या बाबतीत मात्र मालिकेचा चष्मा फार काळ सरळ झाला नाही. जेठालालचं बबिताकडे बघणं वर्षानुवर्षं निरागस म्हणून खपवलं गेलं. दयाला 'ए पागल औरत' म्हणणं हे तर मुलांच्या तोंडी बसलेलं वाक्य होतं, पुढे ते बंद झालं. बरं झालं. महिलामंडळाला काम काय, तर गरबा, पापड आणि नवऱ्यांची चोरी पकडणं. एवढ्या चांगल्या नट्या होत्या त्या. भिडेंची बायको माधवी झालेल्या सोनालिका जोशींना मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा वाटतं की या बाईंना कुणीतरी अर्धा तास सलग, त्यांचा स्वतःचा द्यायला हवा होता. घरखर्चाला हातभार लावणारी, व्यवसाय चालवणारी बाई आहे माधवी. तिच्या ऑर्डर्स, तिची उधारी, तिचा हिशोब यांत किती गोष्टी होत्या!

मार्च २०२० मधली एक गोष्ट मराठी प्रेक्षक विसरलेले नाहीत. एका भागात बापूजींच्या तोंडी वाक्य आलं की मुंबईची भाषा हिंदी. मनसेने हरकत घेतली, निर्मात्यांनी माफी मागितली, आणि मुंबईची भाषा मराठी आहे असं पुढे मालिकेतूनही सांगितलं गेलं. आमच्या घरात त्या रात्री आईने टीव्ही बंद केला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भिडे तिथेच उभे होते. त्यांनी तरी काही म्हणायला हवं होतं." भिडे त्या प्रसंगात होते का, मला आठवत नाही. बाबांच्या दृष्टीने तो प्रश्न नव्हता. बारा वर्षं ज्या माणसाला त्यांनी आपल्यातला मानलं होतं तो त्यांच्यासाठी बोलला नाही, एवढंच त्यांना कळत होतं. समूहाच्या मालिकेवर प्रेक्षक असा हक्क सांगतो. त्यातल्या एकाला त्याने आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलेलं असतं.

याच मालिकेचा मराठी अवतारही आला, 'गोकुळधामची दुनियादारी' नावाने. मी तो उत्साहाने लावला आणि काही भागांनंतर सोडला. सगळेच मराठी बोलायला लागल्यावर ती माणसं मला सपाट वाटायला लागली. जेठालालच्या हिंदीतली गुजराती, भिडेंच्या हिंदीतली मराठी, अय्यरच्या हिंदीतली तमिळ, ही त्या वाद्यवृंदातली वाद्यं होती. सगळ्यांच्या हातात एकच वाद्य दिल्यावर सूर लागतो, पण कोण वाजवतंय ते कळत नाही.

आता राग. तो चिठ्ठ्यांबद्दलचा नाही, काळाबद्दलचा आहे.

आठवड्याला पाच-सहा भाग काढायचे म्हणजे गिरणी चालवणं आहे. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २००४ ते २००६ या काळात सत्तरच्या आसपास भागांत संपली. तेवढे भाग गोकुळधाममध्ये साधारण तीन महिन्यांत होतात. या गतीत लेखक आधी प्रसंग वापरतो, मग प्रसंगांचे उरलेले तुकडे वापरतो, आणि शेवटी चेहरे वापरतो. कुणीतरी काहीतरी धक्कादायक बोलतं. कॅमेरा जेठालालवर जातो, ढॅण. मग मेहतांवर, ढॅण. मग भिडे, अय्यर, सोढी, हाथी, पोपटलाल, मग बायका, मग मुलं. सगळ्यांचे चकित चेहरे दाखवून होईपर्यंत भाजी गार होते. एका माणसाच्या मालिकेत लेखक असं करूच शकत नाही, त्याच्याकडे दाखवायला चेहरेच नसतात. माणसं जास्त असली की ती वेळ भरायला वापरता येतात, हा मोह समूहाच्या मालिकेलाच होतो. सुरुवातीला हीच गोष्ट किती मजेची होती! एकच बातमी, आणि प्रत्येक चेहऱ्यावर वेगळा अर्थ. पुढे चेहरे तेवढेच राहिले आणि अर्थ एकच झाला.

पण ताणणंही मी सहन केलं असतं. जमलं नाही ते दुसरंच.

२०१७ मध्ये दिशा वकानी बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. यात त्यांचा काही दोष नाही, कुणाचाच नाही. आयुष्यात असंच होतं. मालिकेत मात्र दया अहमदाबादला आईकडे गेली आणि तिथेच राहिली. वर्षानुवर्षं. मधूनमधून 'दया येणार' अशी हवा तयार व्हायची, गोकुळधाम सजायचं, जेठालाल दाराकडे डोळे लावून बसायचा, आणि दारात दुसरंच कुणीतरी. हे एकदा झालं तेव्हा आई हळहळली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा गप्प बसली. त्यानंतर मात्र ती चिडली, आणि आई सहसा चिडत नाही. "त्या माणसाला खेळवतायत," ती म्हणाली. तो माणूस म्हणजे जेठालाल. दिलीप जोशी वाट बघण्याचा अभिनय इतका खरा करत होते की ती थट्टा आईला क्रूर वाटायला लागली होती. वडील आणि वाढता मुलगा घरात, बायको माहेरी, आणि याला कारण म्हणावं असं काही नाही. तिकडे मी पुण्यात पहिल्यांदाच संसार मांडत होते, आणि मलाही ते बघवत नव्हतं.

बाकीच्यांचंही तेच. टप्पू झालेला भव्य गांधी आमच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला, २०१७ मध्ये मालिका सोडून गेला, दुसरा टप्पू आला, मग तिसरा. भिडेंच्या मुलीच्या, सोनूच्या भूमिकेत तर किती जणी झाल्या. डॉक्टर हाथी झालेले कवी कुमार आझाद जुलै २०१८ मध्ये वारले, आणि मालिकेच्या सुरुवातीला हाथी असलेले निर्मल सोनी परत त्या जागी आले. मेहतांची बायको अंजली बदलली, सोढी बदलले, २०२२ मध्ये शैलेश लोढा मालिका सोडून गेल्यावर खुद्द तारक मेहता बदलले. चेहरा नवा, नाव तेच, आणि गोकुळधाममध्ये कुणालाच काही वेगळं वाटत नाही. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी घनश्याम नायक गेले. जेठालालकडे इतकी वर्षं पगारवाढ मागत राहिलेले नट्टूकाका. बाबांनी मला फोन केला होता, कुणी नातेवाईक गेल्यावर करतात तसा. पुढच्या वर्षी दुकानात नवे नट्टूकाका आले. ते नट चांगले आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण बाबा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "अगं, पण नोंद कुठे झाली?"

हे वाक्य कळायला आय रजिस्टर ठाऊक असावं लागतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदांचं जे मुख्य रजिस्टर असतं त्याला सगळे आय रजिस्टर म्हणतात. प्रत्येक सभासदाची नोंद, नाव, पत्ता, किती शेअर, कधी सभासद झाला. आणि शेवटी एक रकाना, सभासदत्व कधी आणि कोणत्या कारणाने संपलं. फ्लॅट विकला गेला किंवा माणूस गेला की बाबा त्या रकान्यात तारीख आणि कारण लिहायचे, नावावर लाल शाईने एक आडवी रेघ मारायचे, खाली सही. मुलगा किंवा बायको वारस म्हणून आली तर तिच्यासाठी नवं पान. जुन्या पानावर नवं नाव कधीही नाही. पंधरा वर्षांत बाबांनी अशा सात रेघा मारल्या. तळमजल्यावरच्या आजोबांची रेघ मारताना ते बराच वेळ पेन हातात धरून बसले होते, आई चहा ठेवून गेली तो तसाच राहिला.

गोकुळधामच्या रजिस्टरात रेघ नाही. तिथे जुन्या पानावर फोटो तेवढा बदलतात.

दुसरीकडे हे कसं केलंय ते मी मुद्दाम पाहिलं. अमेरिकेत एनबीसीवर १९८२ ते १९९३ या काळात 'चिअर्स' नावाची मालिका चालली. बॉस्टनमधला एक बार, तिथे काम करणारे आणि रोज येऊन त्याच स्टुलांवर बसणारे लोक. म्हणजे अब्दुलच्या सोड्याच्या दुकानासारखंच, फक्त गोष्ट बहुतेक तिथेच घडते. त्यात कोच नावाचा एक वयस्कर बारटेंडर होता, भोळा, विसरभोळा, सगळ्यांचा लाडका. ती भूमिका करणारे निकोलस कोलासांतो फेब्रुवारी १९८५ मध्ये वारले. मालिकेने दुसरा कोच आणला नाही. पुढच्या हंगामात इंडियाना राज्यातला वुडी नावाचा एक खेडवळ पोरगा कोचला शोधत बारमध्ये येतो. कोच गेला हे त्याला तिथे कळतं. दोघांचा पत्रव्यवहार असेल असं बघणाऱ्याला वाटतं, तर कळतं की हे दोघं एकमेकांना पत्रं नाही, पेनं पाठवत होते. मी हसले आणि माझे डोळे भरून आले. कोच गेला होता आणि तरी त्याचा भोळेपणा त्या पोराच्या पेनांतून बारमध्ये परत आला होता. त्याच मालिकेतून १९८७ मध्ये नायिका डायॅन झालेली शेली लाँग बाहेर पडली तेव्हाही त्यांनी दुसरी डायॅन आणली नाही, रिबेका नावाची अगदी वेगळी बाई आणली, आणि तिच्यामुळे बाकीच्यांना नव्याने वागावं लागलं. कोलासांतोंच्या खोलीत जेरोनिमोचं एक चित्र असायचं, ते त्यांच्या पश्चात बारच्या सेटवर लावलं. शेवटच्या भागाच्या शेवटी बार बंद करायच्या वेळी नायक त्या चित्रापाशी जातो आणि ते सरळ करतो. बस, एवढंच.

हे बघून मला गोकुळधामबद्दल आणखी वाईट वाटलं, कारण तिथे हे सहज जमलं असतं. नट्टूकाकांसाठी एक दिवस दुकान बंद. भिडेंनी नोटीस बोर्डवर सुविचाराऐवजी एक नाव लिहायचं. जेठालालला पगारवाढीचं ते थकलेलं पाकीट हातात घेऊन बसलेला दाखवायचा, दिलीप जोशींना संवादही लागला नसता. मग काही दिवसांनी एक नवा माणूस दुकानात, नव्या नावाने. दुकानातल्या धाकट्या बाघाला आता त्याला काम शिकवावं लागलं असतं. म्हणजे जो आतापर्यंत काकांच्या आड लपत होता तोच थोरला झाला असता. तसंच दयाचं. तिला अहमदाबादला काहीतरी स्वतःचं उभं करू द्यायचं होतं, गरब्याचे वर्ग, नाहीतर आणखी काही. जेठालालने शनिवारी रात्रीची गुजरात मेल धरायची आणि रविवार तिकडे घालवायचा. फोनवरचे संवाद, बापूजींचं एकटेपण, टप्पूला आईशिवाय आलेला शहाणपणा. पोपटलालचं लग्न लावायचं. लग्नानंतरचा पोपटलाल किती विनोदी झाला असता! बायको मिळाल्यावर आता तक्रार कशाची करायची, हा केवढा पेच! पण या मालिकेने ठरवलं की प्रेक्षकाला तेच हवं आहे जे काल होतं. पोपटलालची स्थळं ठरत राहिली आणि मोडत राहिली.

मी आईला विचारलं होतं, मग तू अजून का बघतेस? ती म्हणाली, "बघत नाही गं, लावते." आमच्याकडे लावणं आणि बघणं यांत मोठा फरक आहे. भाकरी थापताना, शेंगा सोलताना, बाबा पेपर वाचत असताना घरात चारचौघांचा आवाज हवा असतो. दोघंच उरलेल्या घराला गोकुळधाम माणसं पुरवतं. मी दीडशे किलोमीटरच्या आत असून महिनामहिना जात नाही, आणि ही मालिका रोज जाते. हे बळ साधं नाही. मी कितीही चिडले तरी ते तिच्या पदरात टाकावं लागतं.

परवा डोंबिवलीला गेले होते ते दप्तर सोपवायच्या दिवशी. नवी सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, आयटीत आहे, चटपटीत. बाबांनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. इतिवृत्ताच्या वह्या, सिंकिंग फंडाच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेटांची फाइल, आणि तपकिरी पुठ्ठ्याचं आय रजिस्टर. ती म्हणाली, "काका, मी हे सगळं एक्सेलमध्ये घेते. जुनी नावं काढून टाकू ना?" बाबांनी रजिस्टर उघडून तिला तळमजल्यावरच्या आजोबांचं पान दाखवलं. लाल रेघेखाली नाव स्वच्छ वाचता येत होतं. ते तिला समजावत राहिले, कोणता रकाना कशासाठी, रेघ कशी मारायची म्हणजे खालचं अक्षर झाकलं जात नाही. ती मन लावून ऐकत होती.

संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "या रे, आज जुना लागलाय." आमच्या घरात जुना म्हणजे दया असलेला. तिघंही पानांवर बसलो. दया ओट्याशी होती, टप्पू अजून छोटा होता, नट्टूकाका दुकानातून फोन करत होते. मग चेंडू गेला आणि काच फुटली, आणि भिडे तुकडा हातात घेऊन खिडकीत आले.

"सोसायटीच्या खात्यातून नाही द्यायची," बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले. "ज्याच्या मुलाने फोडली त्याच्याकडून भरून घ्यायची. पावती करून."